चाळीस दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत : भ्रूणाच्या नैतिक स्थानाविषयीच्या धार्मिक व इहवादी विचारांचा ऐतिहासिक आढावा

सारांश

मानवी भ्रूणाला नैतिकदृष्ट्या कोणते स्थान द्यावे, या प्रश्नावर धर्मशास्त्रे, कायदा, तत्त्वज्ञान व जीवशास्त्र या चारही क्षेत्रांत दीर्घकाळ विचार झाला आहे. ग्रीक, ज्यू, ख्रिस्ती, इस्लामी व भारतीय परंपरांनी, तसेच आधुनिक इहवादी कायद्याने भ्रूणाच्या विकासक्रमात निरनिराळ्या सीमारेषा आखल्या. या सीमारेषा केवळ भ्रूणाच्या स्वरूपाच्या ज्ञानातून आलेल्या नसून प्रायश्चित्त, अशौच, शिक्षा, स्त्रीचे प्राणरक्षण किंवा संशोधन अशा व्यावहारिक निर्णयांच्या गरजेतून आल्या आहेत, हे प्रस्तुत शोधनिबंधाचे प्रतिपादन आहे. या प्रतिपादनाच्या आधारे, भारतातील गर्भलिंगनिवडीविरोधी कायदा आणि गर्भपाताचा कायदा यांची नैतिक अधिष्ठाने परस्परांहून भिन्न आहेत, हे अखेरच्या भागात दाखविले आहे.

बीजशब्द : भ्रूण, नैतिक स्थान, जीवप्रवेश, गर्भपात, वॉर्नॉक समिती, गर्भलिंगनिवड

१. प्रस्तावना

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन हिचा जन्म झाला आणि मातेच्या शरीराबाहेर झालेल्या फलनातून मानवी अपत्य जन्मास येऊ शकते हे सिद्ध झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी कोलकाता येथे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून असेच अपत्य जन्मले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या कार्यातून याची शास्त्रीयदृष्ट्या नोंदविलेली पुनरावृत्ती झाली. या घटनांपूर्वी भ्रूण हा नेहमी स्त्रीच्या उदरात, दृष्टीआड असे. त्याच्याविषयीचा कोणताही निर्णय हा त्या स्त्रीविषयीचाही निर्णय असे. आता तो प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागला. तो गोठवून ठेवता येऊ लागला, त्याच्यावर प्रयोग करणे शक्य झाले आणि वापरात न आलेल्या भ्रूणांचे काय करावे असा प्रश्न उभा राहिला.

हा प्रश्न नवा असला तरी त्याच्या मुळाशी असलेला विचार फार जुना आहे. गर्भात जीव केव्हा येतो, गर्भ नष्ट झाल्यास तो मनुष्यवध ठरतो काय, आणि ठरत असल्यास कोणत्या दिवसापासून, याविषयी सुमारे अडीच हजार वर्षे वाद चालू आहे. या वादात एका बाजूला धर्म आणि दुसऱ्या बाजूला इहवाद अशी सरळ मांडणी अनेकदा केली जाते. प्रत्यक्ष इतिहास मात्र या मांडणीला पुष्टी देत नाही.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) प्रमुख धर्मपरंपरांनी भ्रूणाच्या विकासक्रमात कोणत्या सीमारेषा आखल्या व त्यामागील प्रयोजने कोणती होती, याचा शोध घेणे.
२) इहवादी कायदा व नीतिविचार यांतील भूमिकांची तुलना करणे.
३) भारतीय कायद्यांत, विशेषतः महाराष्ट्रातील अनुभवाच्या संदर्भात, या सीमारेषा कशा व्यक्त झाल्या याचे विवेचन करणे.

भारतीय कायद्यात फलनानंतर ५६ दिवसांपर्यंतच्या अवस्थेस भ्रूण आणि त्यापुढील अवस्थेस गर्भ असे मानले जाते. प्राचीन ग्रंथांत हा भेद नाही. त्यामुळे ऐतिहासिक विवेचनात हे शब्द संदर्भानुसार योजले आहेत. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. ग्रीक, ज्यू व ख्रिस्ती परंपरा

पाश्चात्त्य विचारातील पहिली प्रभावी सीमारेषा ॲरिस्टॉटलने आखली. त्याच्या मते गर्भात प्रथम वनस्पतिसदृश पोषणशक्ती, नंतर प्राणिसदृश संवेदनशक्ती आणि शेवटी विवेकशक्ती क्रमाने प्रकट होते. पुरुषगर्भ सुमारे ४० व्या दिवशी व स्त्रीगर्भ सुमारे ९० व्या दिवशी आकार घेतो, असे त्याने नोंदविले. राज्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथात अपत्यसंख्या मर्यादित ठेवण्याचा विचार मांडताना, गर्भपात करावयाचा असल्यास तो संवेदना व जीवन येण्यापूर्वी करावा, असे त्याने सुचविले. येथे निरीक्षण व नगरराज्याची गरज ही दोन्ही एकत्र आलेली दिसतात. याउलट स्टोइक तत्त्वज्ञ गर्भाला जन्मापर्यंत मातेच्या शरीराचाच भाग मानीत.

ज्यू परंपरेचा विचार निर्गम ग्रंथातील एका नियमाभोवती फिरतो. दोन पुरुषांच्या भांडणात गर्भवती स्त्रीला धक्का लागून गर्भ पडला, पण अन्य अपाय झाला नाही, तर अपराध्याने दंड भरावा. अपाय झाल्यास जिवाबद्दल जीव द्यावा, असा हा नियम आहे. ज्यू भाष्यकारांनी 'अपाय' हा शब्द स्त्रीला उद्देशून घेतला. त्यामुळे गर्भाची हानी ही मनुष्यवधाच्या श्रेणीत गेली नाही. तालमूदमध्ये पहिले ४० दिवस गर्भ हा केवळ पाण्यासमान मानला आहे. प्रसूतीत मातेचा जीव धोक्यात आल्यास गर्भाचे अवयव कापून काढण्यासही मिश्ना अनुमती देते. मात्र त्याचा अधिकांश भाग बाहेर आल्यावर त्याला हात लावता येत नाही, कारण एका जिवासाठी दुसरा जीव घेता येत नाही. पूर्ण मनुष्यत्वाची रेषा येथे जन्माच्या क्षणाशी येते.

हाच निर्गम ग्रंथ ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात ग्रीक भाषेत आला, तेव्हा मूळ अर्थ बदलला. ग्रीक अनुवादात दंड आणि जिवाबद्दल जीव हा भेद स्त्रीच्या अपायावरून न करता गर्भ 'आकार घेतलेला' आहे की नाही यावरून केला गेला. आरंभीच्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या हाती प्रामुख्याने हा ग्रीक पाठ होता. त्यामुळे एका अनुवादातून ज्यू व ख्रिस्ती विचारांचे मार्ग भिन्न झाले. ख्रिस्ती परंपरेने गर्भपात हा प्रारंभापासूनच पाप मानला. मात्र आकार घेतलेल्या गर्भाचाच नाश हा मनुष्यवध होय, हा भेद ऑगस्टीन याने स्वीकारला. बाराव्या शतकातील ग्रेशियनच्या धर्मनियमसंग्रहात तो आला आणि तेराव्या शतकात थॉमस ॲक्वायनस याने ॲरिस्टॉटलच्या क्रमिक आत्मसिद्धान्ताशी त्याची सांगड घातली.

रोमन कॅथलिक चर्चची भूमिका सदैव एकच होती, असा समज प्रचलित आहे. इतिहास तसे दाखवीत नाही. १५८८ मध्ये पोप पाचवा सिक्स्टस याने कोणत्याही अवस्थेतील गर्भपातास मनुष्यवधाची शिक्षा लागू केली. अवघ्या तीन वर्षांत, १५९१ मध्ये, पोप चौदावा ग्रेगरी याने ती मागे घेऊन जीवप्रवेशाचा जुना भेद पुनःस्थापित केला. पुढे १८६९ मध्ये पोप नववा पायस याने बहिष्काराच्या शिक्षेपुरता हा भेद कायमचा काढून टाकला. या दरम्यान १८२७ मध्ये कार्ल एर्न्स्ट फोन बेअर याने सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीचा शोध लावला होता. फलनात शुक्राणू व अंडपेशी यांच्या केंद्रकांचा संयोग होतो हे ऑस्कर हर्टविग याने दाखविले ते १८७५ नंतर, म्हणजे पोपच्या निर्णयानंतर. म्हणून हा बदल केवळ नव्या विज्ञानाचा परिणाम होता असे म्हणता येत नाही.

विसाव्या शतकातील कॅथलिक भूमिका सूक्ष्मपणे पाहण्यासारखी आहे. गर्भपातावरील १९७४ च्या घोषणापत्रात आत्म्याच्या प्रवेशाचा नेमका क्षण कोणता, हा प्रश्न चर्चने जाणीवपूर्वक खुला ठेवला. संशय असतानाही मनुष्यवधाचा धोका पत्करणे हेच गंभीर पाप होय, असा त्याचा युक्तिवाद होता. १९८७ च्या निर्देशपत्रात फलनापासून मानवी जीवाला व्यक्तीप्रमाणे वागवावे, असे सांगितले गेले. भ्रूण काय आहे याचे तात्त्विक उत्तर न देता त्याच्याशी कसे वागावे याचे उत्तर येथे दिले गेले आहे.

४. इस्लामी परंपरा

कुराणातील तेविसाव्या सूरहमध्ये बिंदू, रक्ताची गोठ, मांसाचा गोळा, अस्थी व त्यावरील मांस अशा अवस्था सांगून अखेरीस गर्भाला 'अन्य सृष्टी' म्हणून घडविल्याचा उल्लेख आहे. बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांतील एका हदीसचा रूढ अर्थ असा की, पहिल्या तीन अवस्था प्रत्येकी ४० दिवसांच्या असून त्यानंतर देवदूत गर्भात प्राण फुंकतो. यावरून १२० दिवसांची रेषा रूढ झाली. मुस्लिम यांच्याच संग्रहातील दुसऱ्या एका हदीसमध्ये ४२ रात्रींचा उल्लेख येतो.

१२० दिवसांनंतरचा गर्भपात, मातेच्या जीवास धोका असल्याखेरीज, सर्व प्रमुख विधिपंथांनी निषिद्ध मानला. त्यापूर्वीच्या काळाबद्दल मात्र मतभेद राहिले. हनफी पंथातील अनेक विधिज्ञांनी सबळ कारण असल्यास त्यास अनुमती दिली. मालिकी पंथाने सामान्यतः आरंभापासूनच निषेध केला. इराणने २००५ मध्ये वैद्यकीय कारणासाठी गर्भपातास मर्यादित मान्यता देताना चार महिन्यांची म्हणजे जीवप्रवेशापूर्वीची मुदत ठरविली. अशा रीतीने एका प्राचीन हदीसची रेषा आधुनिक कायद्यात अवतरली.

५. भारतीय परंपरा

भारतीय ग्रंथांत जीवप्रवेशाविषयी एकवाक्यता नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शुक्र व शोणित यांच्या संयोगात जीव अवतरला म्हणजे गर्भ होतो, अशी भूमिका आहे. जीव येथे प्रारंभापासूनच उपस्थित आहे. सुश्रुतसंहितेनुसार चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होते, आणि हृदय हे चेतनेचे स्थान असल्यामुळे चेतनाही तेव्हा व्यक्त होते. गर्भोपनिषदात मात्र सातव्या महिन्यात गर्भ जीवाने युक्त होतो असे म्हटले आहे. बौद्ध परंपरेत मातापित्यांचा संयोग, मातेचा ऋतुकाल आणि गंधब्ब यांच्या एकत्र येण्याने गर्भधारणा होते असे मानले जाते. विनयपिटकात तर मातेच्या उदरातील प्रथम चित्तापासून मनुष्यत्वाची गणना केली आहे. गर्भपात घडविणारा भिक्षू संघातून कायमचा बाद होतो.

तत्त्वविचारात असा मतभेद असताना व्यवहारात मात्र निश्चित रेषा आवश्यक होत्या. सुश्रुताने चौथ्या महिन्यापर्यंतच्या गर्भच्युतीला स्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यातील, शरीर स्थिर झाल्यानंतरच्या गर्भच्युतीला पात म्हटले. अशौचाच्या विधिनियमांतही हा भेद वापरला गेला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गर्भस्रावानंतर जितके महिने तितक्या रात्रींनी स्त्रीची शुद्धी सांगितली आहे. वाढत्या गर्भाचे महत्त्व टप्प्याटप्प्याने वाढते, हा विचार या हिशोबात अनुस्यूत आहे.

'भ्रूणहत्या' या शब्दाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. धर्मसूत्रांत हे महापातकांच्या श्रेणीतील पाप आहे. परंतु तेथे 'भ्रूण' या शब्दाने गर्भाबरोबरच वेदपारंगत ब्राह्मणाचाही बोध होतो. वसिष्ठ धर्मसूत्रात ब्राह्मणाचा वध करणारा आणि 'अविज्ञात' गर्भाचा नाश करणारा असे दोघेही भ्रूणहा ठरविले आहेत. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही अविज्ञात गर्भाच्या नाशाबद्दल ब्रह्महत्येचेच प्रायश्चित्त सांगितले आहे. अविज्ञात म्हणजे ज्याचे लिंग कळलेले नाही असा. वसिष्ठाने याचे कारणही दिले आहे: लिंग न कळलेले गर्भ पुरुष होतात. याच समजुतीशी पुंसवन संस्कार जोडलेला आहे. पारस्कर गृह्यसूत्रानुसार हा संस्कार गर्भाची हालचाल सुरू होण्यापूर्वी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या महिन्यात करावयाचा असतो.

याचा अर्थ असा की, या ग्रंथांत गर्भाच्या नाशाचा निषेध कठोर असला तरी त्याचे अधिष्ठान सर्व गर्भांचे समान मूल्य हे नाही. गर्भ पुरुषाचा, आणि तोही द्विजाचा, असण्याची शक्यता हे त्याचे एक स्पष्ट अधिष्ठान आहे. ज्या शब्दाचा उपयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलींच्या रक्षणासाठी होऊ लागला, त्याच्या जुन्या शास्त्रीय अर्थात पुत्राला दिलेले प्राधान्य गृहीत होते.

६. कायदा आणि हालचालीची कसोटी

इंग्लंडच्या प्रथाधिष्ठित कायद्यात मातेला गर्भाची हालचाल जाणवणे ही निर्णायक खूण मानली जाई. ही खूण सामान्यतः चौथ्या-पाचव्या महिन्यात येते आणि ती जाणण्याचे साधन स्त्री स्वतःच असते. लॉर्ड एलनबरो याच्या १८०३ च्या कायद्याने हालचालीनंतरच्या गर्भपातास मृत्युदंड व त्यापूर्वीच्या गर्भपातास तुलनेने सौम्य शिक्षा ठेवली. १८३७ मध्ये इंग्लंडने हा भेद रद्द केला. १८६१ च्या कायद्यातही तो परत आला नाही. वैद्यकाच्या प्रगतीबरोबर स्त्रीच्या अनुभवाऐवजी डॉक्टरचे निदान प्रमाण मानले जाऊ लागले, हे या बदलाचे एक कारण होते.

भारतात मात्र वेगळे घडले. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा सादर केला. गर्भपातविषयक कोणत्याही कायद्याचा या देशात प्रतिष्ठित कुटुंबांना छळण्यासाठी दुरुपयोग होईल, अशी भीती आयोगाने मसुद्यावरील टिपणीत व्यक्त केली होती. १८६० मध्ये संमत व १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३१२ मध्ये गर्भपातासाठी तीन वर्षांपर्यंत आणि गर्भाचे स्पंदन जाणवू लागले असल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. इंग्लंडने टाकून दिलेली रेषा भारतात टिकून राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्येही ती कायम आहे.

७. इहवादी नीतिविचारातील भिन्नता

धर्मपरंपरांप्रमाणेच इहवादी विचारातही एकमत नाही. मायकेल टूली याने १९७२ मध्ये असे मांडले की, जगण्याचा हक्क असण्यासाठी स्वतःच्या सातत्याची जाणीव आवश्यक आहे. पीटर सिंगर याने बेंथमच्या परंपरेत सुखदुःखाच्या संवेदनेला प्राधान्य दिले. या दोन्ही कसोट्यांवर आरंभीचा भ्रूण उतरत नाही. परंतु याच कसोट्यांनुसार नवजात अर्भकाचे स्थानही डळमळीत होते, ही त्यांच्यावरील प्रमुख टीका आहे.

ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन हिने १९७१ मधील आपल्या निबंधात वादाचे स्वरूपच बदलले. गर्भ ही व्यक्ती आहे असे क्षणभर मान्य केले तरी दुसऱ्याच्या शरीराचा वापर करण्याचा हक्क तिला आपोआप प्राप्त होत नाही, असा तिचा युक्तिवाद होता. याउलट डॉन मार्क्विस याने १९८९ मध्ये कोणत्याही धर्मवचनाचा आधार न घेता गर्भपाताला विरोध केला. वध वाईट असतो तो बळीचे मूल्यवान भविष्य हिरावले जाते म्हणून, आणि तसे भविष्य गर्भालाही असते, असे त्याने प्रतिपादिले. तर नॉर्मन फोर्ड या कॅथलिक धर्मगुरूने १९८८ मधील ग्रंथात, भ्रूणाचे जुळ्यांत विभाजन होण्याची शक्यता संपेपर्यंत तेथे एक निश्चित मानवी व्यक्ती आहे असे म्हणता येत नाही, असा निष्कर्ष काढला. यावरून धार्मिक म्हणजे निषेध आणि इहवादी म्हणजे अनुमती हे समीकरण टिकत नाही.

राष्ट्रांच्या धोरणांतही हेच दिसते. जर्मनीने १९९० मध्ये संमत केलेला भ्रूणसंरक्षण कायदा युरोपातील कठोर कायद्यांपैकी एक आहे. त्याचा आधार धर्मशास्त्र नसून १९४९ च्या मूलभूत कायद्यातील मानवी प्रतिष्ठेचे तत्त्व आणि नाझी काळातील वैद्यकीय प्रयोगांची स्मृती हा आहे.

८. प्रयोगशाळेतील भ्रूण आणि चौदा दिवसांची रेषा

शरीरबाह्य फलनाने निर्माण झालेल्या प्रश्नांचा विचार करण्यासाठी ब्रिटिश सरकारने १९८२ मध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. भ्रूणशास्त्रज्ञ ॲन मॅक्लॅरन या तिच्या सदस्य होत्या. १९८४ च्या अहवालात समितीने एक महत्त्वाचा पवित्रा घेतला. जीवन किंवा व्यक्तित्व केव्हा सुरू होते या प्रश्नाचे थेट उत्तर शोधण्याऐवजी मानवी भ्रूणाशी कसे वागणे योग्य ठरेल, याच प्रश्नाकडे ती वळली. भ्रूणाला व्यक्तीचे पूर्ण स्थान नाही, पण त्याला काही विशेष स्थान अवश्य आहे आणि कायद्याने त्याला काही संरक्षण दिले पाहिजे, असे तिचे मत झाले. त्यानुसार फलनानंतर चौदा दिवसांपलीकडे भ्रूण प्रयोगशाळेत वाढवू नये, अशी शिफारस करण्यात आली. अमेरिकेतील एका नीतिसल्लागार मंडळानेही १९७९ मध्ये हीच मर्यादा सुचविली होती.

चौदाच दिवस का, याला जैविक आधार आहे. सुमारे पंधराव्या दिवशी भ्रूणात आद्यरेषा दिसू लागते. तेथून शरीराचा अक्ष निश्चित होतो, त्यानंतर जुळ्यांत विभाजन सहसा होत नाही आणि मज्जासंस्थेचा आरंभही अद्याप व्हावयाचा असतो. परंतु विकास ही अखंड प्रक्रिया असल्याने दुसरी एखादी अवस्थाही निवडता आली असती. वॉर्नॉक यांनीही या रेषेचे समर्थन मोजता येण्याजोगी, निःसंदिग्ध व कायद्याने अंमलात आणता येणारी मर्यादा म्हणूनच केले. समितीतील काही सदस्यांनी भिन्नमत नोंदविले. १९८५ मध्ये इनॉक पॉवेल यांनी आणलेल्या, भ्रूणसंशोधनावर बंदी घालणाऱ्या विधेयकाला दुसऱ्या वाचनात मोठे बहुमत मिळाले. ते वेळेअभावी बारगळले. अखेर १९९० च्या कायद्याने चौदा दिवसांची मर्यादा मान्य केली आणि पुढे अनेक देशांनी ती स्वीकारली.

ही रेषा सुमारे तीन दशके निर्विवाद राहिली याचे एक कारण असे की, तेवढे दिवस भ्रूण जिवंत ठेवणे कोणालाच साधत नव्हते. २०१६ मध्ये केंब्रिज व न्यूयॉर्क येथील संशोधकांनी भ्रूण बारा ते तेरा दिवस वाढविले, आणि प्रथमच नियमाचा खरा अडसर जाणवला. मे २०२१ मध्ये मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने चौदा दिवसांपलीकडील संशोधनाला आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतील निषिद्ध वर्गातून वगळले. या उलट दिशेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, १८७२ च्या एका कायद्याखाली गोठविलेले भ्रूणही 'अपत्य' ठरतात, असा निर्णय दिला. त्यामुळे काही वंध्यत्वनिवारण केंद्रांनी उपचार थांबविले आणि पुढील महिन्यातच विधिमंडळाला संरक्षणाचा कायदा करावा लागला. भ्रूणाला एका निकालाने पूर्ण व्यक्तित्व देण्याचे व्यावहारिक परिणाम काय होतात, हे यातून दिसले.

९. भारतीय संदर्भ : दोन प्रश्नांची गल्लत

भारतात गर्भपाताचा कायदा भ्रूणाच्या स्थानावरील तात्त्विक वादातून निर्माण झाला नाही. १९६४ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. असुरक्षित गर्भपातांमुळे होणारे स्त्रियांचे मृत्यू हा तिच्यापुढील मुख्य विषय होता. १९६६ मध्ये अहवाल आला आणि १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. त्यात २० आठवड्यांची मर्यादा होती. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे, २४ आठवडे उलटल्यानंतर गर्भाच्या हृदयातील दोष लक्षात आलेल्या दांपत्याची याचिका आली व ती फेटाळली गेली. या प्रकरणाने मर्यादेविषयी देशभर चर्चा झाली. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट वर्गांतील स्त्रियांसाठी ही मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत वाढविली आणि वैद्यकीय मंडळाने गंभीर गर्भदोषाचे निदान केल्यास ती लागू राहणार नाही, अशी तरतूद केली.

याच काळात दुसरा प्रश्न उभा राहिला. गर्भजलपरीक्षेचा उपयोग लिंगनिदानासाठी होऊ लागला. मुंबईतील 'फोरम अगेन्स्ट सेक्स डिटर्मिनेशन अँड सेक्स प्री-सिलेक्शन' या मंचाने १९८० च्या दशकात त्याविरुद्ध मोहीम उभारली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा आला. मुंबईची सेहत, पुण्याची मासूम या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर त्याच्या अंमलबजावणीला गती मिळाली, आणि २००३ पासून गर्भधारणापूर्व लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. तरीही महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ अशी घटत गेली.

या दोन कायद्यांची अधिष्ठाने भिन्न आहेत. लिंगनिवडविरोधी कायदा गर्भधारणेपूर्वीच्या कृतीलाही, म्हणजे भ्रूण अस्तित्वातच नसताना केलेल्या निवडीलाही, गुन्हा ठरवितो. त्याच्या मुळाशी भ्रूणाचे व्यक्तित्व असते, तर ही तरतूद निरर्थक ठरली असती. त्याचा आधार आहे तो स्त्रीजातीविरुद्धच्या भेदभावाचा निषेध. परंतु 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द फलकांवर, भाषणांत व पाठ्यपुस्तकांत रूढ झाला आणि त्याबरोबर 'हत्या' या कल्पनेचा भार सर्वच गर्भपातांवर पडला. चळवळीतील अनेक कार्यकर्त्यांनी या धोक्याची जाणीव ठेवून 'गर्भलिंगनिवड' हा शब्द आग्रहाने वापरला आहे. लिंगनिदानाविरुद्धच्या कारवाईच्या काळात कायद्याने मान्य असलेला गर्भपातही नाकारला जातो, असे आरोग्यक्षेत्रातील संस्थांनी वारंवार नोंदविले आहे. शब्दातील या गल्लतीची किंमत स्त्रीलाच मोजावी लागते. कारण नकार मिळालेल्या स्त्रीपुढे बहुधा असुरक्षित मार्गच उरतो, आणि तोच टाळण्यासाठी १९७१ चा कायदा झाला होता.

प्रयोगशाळेतील भ्रूणाबाबत भारताने मध्यम मार्ग पत्करला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चौदा दिवस किंवा आद्यरेषा, यांपैकी जे आधी येईल त्यापलीकडे भ्रूण वाढविण्यास मनाई आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठविता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यावा अथवा दांपत्याच्या संमतीने संशोधनासाठी द्यावा लागतो. हे नियम करताना संसदेत किंवा विद्यापीठांत भ्रूणाच्या स्थानावर इंग्लंडसारखी दीर्घ सार्वजनिक चर्चा झाली नाही. चौदा दिवसांची रेषा आली, तिच्यामागील वाद मात्र आला नाही.

१०. निष्कर्ष

१) भ्रूणाच्या नैतिक स्थानाविषयी कोणत्याही प्रमुख धर्मपरंपरेत कालातीत व एकमुखी उत्तर आढळत नाही. चाळीस दिवस, १२० दिवस, चौथा महिना, सातवा महिना, फलन व जन्म अशा अनेक रेषा एकाच परंपरेतही शेजारी नांदल्या आहेत.

२) इहवादी विचारही तितकाच विभागलेला आहे. संवेदना, आत्मजाणीव, भविष्य व मानवी प्रतिष्ठा या कसोट्या परस्परविरुद्ध निष्कर्षांकडे नेतात.

३) जीवशास्त्राने विकासाचे टप्पे अचूक दाखविले, पण त्यांपैकी कोणता टप्पा नैतिकदृष्ट्या निर्णायक मानावा हे विज्ञान सांगू शकत नाही. तो निर्णय समाजाला घ्यावा लागतो आणि त्याची कारणे उघडपणे मांडावी लागतात.

४) म्हणून प्रत्येक सीमारेषेला ती कोणासाठी व कोणत्या प्रयोजनाने आखली, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. अविज्ञात गर्भाविषयीचा नियम पुत्रासाठी होता, हालचालीची रेषा शिक्षेसाठी होती आणि चौदा दिवसांची रेषा संशोधन व लोकभावना यांच्या समन्वयासाठी होती.

५) मुलींविरुद्धच्या भेदभावाचा निषेध करण्यासाठी भ्रूणाला पूर्ण व्यक्ती मानण्याची आवश्यकता नाही. महाविद्यालयीन अध्यापनात व जनजागृतीच्या उपक्रमांत 'गर्भलिंगनिवड' आणि 'गर्भपात' या संकल्पना स्वतंत्रपणे मांडल्या गेल्यास दोन्ही कायद्यांचे हेतू सुरक्षित राहतील. चौदा दिवसांच्या मर्यादेचा फेरविचार भारतातही होईल, तेव्हा त्या चर्चेत तत्त्वज्ञान, इतिहास, विधी व जीवशास्त्र या सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांनी सहभागी होणे उचित ठरेल.